भिक्खुसंघाचा वैद्य : जीवक कोमारभच्च

राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला, तेव्हा तिने दासीकरवी त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकवले. कावळ्यांनी वेढलेले ते अर्भक राजपुत्र अभयाच्या दृष्टीस पडले. चौकशीअंती मूल जिवंत असल्याचे कळले, म्हणून त्याचे नाव जीवक. कुमाराने सांभाळले म्हणून कोमारभच्च. काही अभ्यासक या उपपदाचा संबंध कौमारभृत्याशी, म्हणजे बालरोगचिकित्सेशी जोडतात. विनयपिटकाची उपपत्ती मात्र पहिलीच आहे. जन्मतःच ज्याला समाजाने टाकून दिले, त्याच्याच हाती पुढे मगधनरेशाची आणि प्रत्यक्ष तथागतांची प्रकृती सोपवली गेली. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे.

आपल्या पाठीशी कुळ नाही, हे जाणून जीवकाने विद्येची वाट धरली. तो तक्षशिलेस गेला आणि 7 वर्षे शिकला. आचार्यांनी परीक्षा घेतली ती अशी : तक्षशिलेभोवती योजनभर हिंडून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावी. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि त्यातच उत्तीर्ण झाला. परतीच्या प्रवासात साकेत नगरीत त्याने एका श्रेष्ठीपत्नीची 7 वर्षांची जुनी डोकेदुखी औषधी तुपाचे नस्य देऊन बरी केली. पहिल्या कमाईचे 16,000 कार्षापण त्याने अभयापुढे ठेवले. अभयाने ते घेतले नाहीत. पुढे बिंबिसाराचा भगंदर बरा झाला आणि राजाने त्याच्यावर स्वतःची, अंतःपुराची व बुद्धप्रमुख भिक्खुसंघाची सेवा सोपवली.

त्याच्या शस्त्रक्रियांच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. माझ्या मते त्याचे मोठेपण वैशालीत दिसते. तेथे उपासकांनी भिक्खूंना पंक्तीवर पंक्ती मिष्टान्नाच्या दिल्या. ध्यानासाठी बैठक लांब, आहार जड; देह दोषांनी भरून भिक्खू वारंवार आजारी पडू लागले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या जीवकाने ते पाहिले. त्याने काढा सुचवला नाही की उपवास सांगितला नाही. तथागतांना विनंती केली ती दोनच गोष्टींची : चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे चालण्याची जागा आणि ऊन वाफेचे स्नानगृह. तथागतांनी दोन्हींना अनुमती दिली.

चुल्लवग्गातील पुढचा तपशील वाचण्याजोगा आहे. खडबडीत जमिनीवर पाय दुखले, तेव्हा वाट सपाट केली गेली. पाणी साचले, तेव्हा जोते उंचावले. चालताना भिक्खू खाली पडले, तेव्हा कठडा आला. ऊन-थंडीसाठी छप्पर आले. जंताघराला धुराडे आणि सांडपाण्याची मोरी होती. संघाचे आरोग्य असे अडचणीगणिक घडत गेले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा, अन्नपचन आणि चालताना साधलेल्या समाधीचा टिकाऊपणा. शरीर आणि चित्त यांत भिंत घातलेली नाही, हे शेवटच्या लाभावरून कळते. वसतिगृहाच्या पहाटेच्या रांगेत पेंगत चाललेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे आता पटेल, अशी आशा आहे!

जीवकाच्या विनंतीने झालेला एक नियम मात्र मनाला बोचतो. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग फैलावले. लोक जीवकाकडे धावले. परंतु राजा आणि संघ यांच्या सेवेतून त्याला सवड नव्हती. तेव्हा काहींनी केवळ उपचारासाठी प्रव्रज्या घेतली आणि बरे होताच चीवर टाकले. जीवकाने तक्रार केली. या रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. संघ रुग्णालय होऊन बसला असता, हे खरे. पण दाराबाहेर राहिलेल्यांचे काय झाले, हे पिटक सांगत नाही. त्याच विनयात, अतिसाराने लोळणाऱ्या व कोणी न विचारलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदासह स्नान घातल्याचा प्रसंगही आहे. दोन्ही एकत्र वाचावेत.

राजगृहातील आपले आम्रवन जीवकाने संघाला दान दिले. पितृहत्या करून गादीवर बसलेल्या अजातशत्रूला एका पौर्णिमेच्या रात्री तो तेथे घेऊन गेला. साडेबाराशे भिक्खू बसलेले असूनही खोकल्याचासुद्धा आवाज येईना, तेव्हा राजा घाबरला. जीवकाने आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले नाही ना, अशी शंका त्याला आली. जीवकाने धीर देत त्याला दिव्यांच्या दिशेने पुढे नेले. अट्ठकथा सांगते की पित्याच्या वधापासून राजाला रात्री वा दिवसा झोप नव्हती; त्या रात्रीच्या धम्मश्रवणानंतर ती येऊ लागली.