डॉ. सांकलिया आणि जनावरांची हाडं

उत्खनन म्हटलं की मुलांना सोन्याचा हंडा आठवतो. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचं लक्ष मात्र खापरं, जळके दाणे आणि गाईबैलांच्या हाडांवर असायचं.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. तब्येत लहानपणापासूनच नाजूक. एम.ए.ला त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि पुढे लंडनला जाऊन १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. तिथेच मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष मातीत काम शिकले. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि १९७३ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. नाशिक, नेवासे, संगमनेरजवळचं जोर्वे अशी त्यांची कितीतरी उत्खननं. जोर्वे या छोट्या गावाचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं!

१९६८ पासून पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावचं काम सुरू झालं. तिथली वस्ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. लोक मुख्यतः जव पिकवत, गाईगुरं पाळत. सांकलियांनी वनस्पती, प्राणी, माती, रसायन अशा विषयांचे जाणकार पुरातत्त्वाच्या कामात आणले. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. हाड एकदा फेकलं की फेकलं, ते परत थोडंच मिळणार?

आता ते हाड काय सांगतं ते बघा. निसर्गात कार्बन दोन स्थिर रूपांत असतो, हलका कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. जड कार्बन शंभरात जेमतेम एक. धान, गहू, जव, तूर ही पिकं जड कार्बन कमी घेतात. ज्वारी, बाजरी, मका आणि माळरानावरचं बरंचसं गवत तो तुलनेनं जास्त घेतं. जनावर जे खातं त्याचं हे प्रमाण त्याच्या हाडात, दातात, केसात उतरतं. म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाचं तणस खाणारी गाय आणि सोलापूरकडे कडबा खाणारी गाय, दोघींचे नुसते केस तपासले तरी फरक कळेल. परिसर अभ्यासाच्या तासाला तणस आणि कडबा शेजारी ठेवून हे सांगता येतं, यंत्र लागत नाही.

हाडातला जैविक भाग आपल्या उष्ण हवेत लवकर नष्ट होतो. दातावरचं कठीण आवरण जास्त टिकतं. ते थराथरानं तयार होत असल्यानं जनावरानं कोणत्या ऋतूत काय खाल्लं, याचाही माग लागतो.

इनामगावात शेवटी शेवटी पाऊस कमी झाला, शेती घटली आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडे वळले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. मग गुरांना शेतातला जवाचा भुसा मिळत होता, की दूर माळावर न्यावं लागत होतं? हा प्रश्न जुन्या थरातल्या आणि नंतरच्या थरातल्या दातांना विचारता येतो. तिथल्या माणसांच्या हाडांची रासायनिक तपासणी करून त्यांच्या आहाराचा शोध तर इनामगावच्या अहवालातच घेतला आहे.

सांकलियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. इनामगावचा तो मोठा अहवाल १९८८ मध्ये छापून आला आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.