खाशाबा जाधव : मातीतून मॅटवर

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मुलं शाळेच्या पटांगणात मातीवरच कबड्डी खेळतात. मोठ्या स्पर्धेला गेली की मॅटवर पाय ठेवायची पहिलीच वेळ! वर्गात खाशाबांचा जीवनपरिचय सांगताना इथूनच सुरुवात करा, कारण त्यांचंही असंच झालं होतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगाने ते लहानखुरे होते, हे मुलांना जरूर सांगा. पैलवान म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढे डोंगराएवढा माणूस येतो!

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे मॅट होती, नियमही वेगळे होते. सगळा सराव लाल मातीतला, तरी सहावा क्रमांक आला.

पुढचं ऑलिम्पिक १९५२ चं, हेलसिंकीला. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. पण खरी गोष्ट आहे ती प्राचार्य खर्डेकरांची. राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या काळचे सात हजार! शिक्षक म्हणून मी तर इथे थांबतोच. विद्यार्थी शिकून गेल्यावरही त्याच्यासाठी एवढं करणारे किती असतील?

खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं गहाण घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढच्या ऑलिम्पिकला जाता आलं नाही. सहायक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार २००० साली मिळाला, तोही मरणोत्तर.

वर्गात एक वजाबाकी द्या. भारताला यानंतरचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक १९९६ साली टेनिसमध्ये लिअँडर पेसने मिळवून दिलं. १९९६ वजा १९५२ किती?