समुद्रावरचे दिवे

विमान उतरवण्यासाठी लांबच लांब धावपट्टी लागते, हे तुम्हांला माहीत आहे. ती जमिनीवर असते आणि जागची हलत नाही. पण समुद्रावर चालणाऱ्या जहाजावर विमान उतरवायचे असेल तर? जहाज पुढे जात असते. लाटांबरोबर ते वरखाली होते. ज्या जहाजावरून विमाने उडतात आणि ज्यावर ती उतरतात, त्याला विमानवाहू नौका म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील मोठ्या विमानवाहू नौकेचा डेक सुमारे अडीचशे मीटर लांब असे. एवढ्या जागेत विमान थांबवायचे कसे? विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो आणि डेकवर पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. आकडा दोरात अडकला, की विमान झटका खाऊन थांबते. त्या काळी तो अडकला नाही, तर अपघाताचा मोठा धोका असे. हे काम भर दिवसासुद्धा अवघड असते. मग अंधाऱ्या रात्री ते किती अवघड असेल!

या अवघड कामात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालवले, त्यांपैकी एक होते अमेरिकेचे ॲडमिरल मार्क मिचर.

मार्क अँड्र्यू मिचर यांचा जन्म २६ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हिल्सबरो या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा येथे राहायला गेले. तेथे तेव्हा नवी वस्ती होत होती. मार्कचे वडील ऑस्कर पुढे ओक्लाहोमा सिटी या शहराचे महापौर झाले. ओक्लाहोमापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही १९०४ साली वडिलांनी मुलाला अॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात घातले.

तेथे मार्क हुशार विद्यार्थी म्हणून मुळीच गाजला नाही. अभ्यासात तो मागे होता आणि शिस्त मोडण्यात पुढे होता. शेवटी १९०६ साली त्याला विद्यालय सोडावे लागले. वडिलांनी खटपट करून त्याला पुन्हा प्रवेश मिळवून दिला. पण एका अटीवर. त्याने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर त्याच बाकावर पुन्हा बसायचे, याची लाज वाटतेच. मार्कने ते केले. १९१० साली तो उत्तीर्ण झाला, तेव्हा वर्गातील त्याचा क्रमांक शेवटून मोजणे अधिक सोपे होते!

त्या काळी विमान ही अगदी नवी गोष्ट होती. लाकूड आणि कापड यांपासून ती विमाने बनत आणि वरचेवर पडत. नौदलातील मोठ्या अधिकाऱ्यांचा विश्वास तोफांवर होता. तरुण मिचर मात्र विमानविभागात पाठवा, असे अर्ज पुन्हा पुन्हा करत राहिले. १९१५ साली ती संधी मिळाली. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि १९१६ साली ते अमेरिकन नौदलाचे ३३ वे वैमानिक झाले.

१९१९ साली अमेरिकन नौदलाने एक मोठे धाडस केले. पाण्यावर उतरू शकणारी तीन मोठी विमाने अटलांटिक महासागर ओलांडायला निघाली. त्यांपैकी एन. सी. १ या विमानाच्या वैमानिकांत मिचर होते. पहिला टप्पा न्यूफाउंडलंडपासून अझोर्स बेटांपर्यंतचा होता. विमानांनी वाट चुकू नये म्हणून नौदलाने साऱ्या वाटेवर ठरावीक अंतराने जहाजे उभी केली होती. रात्री ही जहाजे दिवे लावत आणि आकाशात प्रकाशाचे गोळे सोडत. या दिव्यांच्या आधाराने रात्र पार पडली. पण सकाळी दाट धुके पसरले. एन. सी. १ ला नाइलाजाने समुद्रावर उतरावे लागले. लाटा उंच होत्या, विमानाची मोडतोड झाली आणि ते पुन्हा उडू शकले नाही. काही तासांनी एका ग्रीक जहाजाने या लोकांना वाचवले. तीन विमानांपैकी फक्त एन. सी. ४ हे विमान युरोपला पोहोचले. समुद्रात पडलेल्या वैमानिकाला दुसऱ्या जहाजाची वाट पाहत बसणे म्हणजे काय, हे मिचर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी स्वतः शिकले.

पुढची वीस वर्षे आपण भराभर पाहू. अमेरिकेच्या पहिल्या विमानवाहू नौकेवर, म्हणजे ‘लँग्ली’वर, त्यांनी काम केले. १९२८ साली ‘सॅराटोगा’ या नव्या नौकेवर पहिले विमान उतरले. ते उतरवणारे मिचरच होते. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॉर्नेट’ ही नवी विमानवाहू नौका नौदलात आली आणि मिचर तिचे कप्तान झाले. दोन महिन्यांतच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला व अमेरिका युद्धात उतरली.

१८ एप्रिल १९४२ रोजी ‘हॉर्नेट’वरून १६ मोठी बाँबफेकी विमाने जपानवर हल्ला करायला निघाली. ती भूदलाची विमाने होती. लहानशा डेकवरून ती कशीबशी उडू शकत. पण त्यांना त्यावर परत उतरता येत नसे. त्यांनी जपानवरून पुढे चीनकडे जायचे, असे ठरले होते. वाटेत एका जपानी नौकेने हे जहाज पाहिले. त्यामुळे ठरल्यापेक्षा लवकर आणि अधिक दूरवरून विमाने सोडावी लागली. सोळाही विमाने व्यवस्थित उडाली. मग ‘हॉर्नेट’ने तोंड फिरवले व ती परत निघाली.

यानंतर दीड महिन्याने मिडवे बेटाजवळ मोठी लढाई झाली. ४ जून १९४२ हा तो दिवस. या दिवसाविषयी मिचर यांचे काही चरित्रकार थोडक्यात लिहितात. मला वाटते, तो थोडक्यात सांगण्यासारखा नाही.

त्या सकाळी ‘हॉर्नेट’ची विमाने जपानी जहाजांच्या शोधात निघाली. बहुतेक विमाने अशा दिशेने गेली, की तेथे शत्रू नव्हताच. इंधन संपल्यामुळे सोबतची सगळी लढाऊ विमाने समुद्रात पडली. पण एका तुकडीचे प्रमुख जॉन वॉल्ड्रन यांना ही दिशा पटली नाही. ते आपली १५ विमाने घेऊन वेगळे निघाले आणि त्यांना जपानी जहाजे सापडली. ही विमाने पाणतीर सोडणारी होती. पाणतीर म्हणजे पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारा टॉर्पेडो. तो सोडण्यासाठी पाण्यालगत आणि हळू उडावे लागे. सोबत रक्षण करणारे एकही विमान नव्हते. पंधराही विमाने पडली. तीस माणसांपैकी फक्त एक, जॉर्ज गे, वाचला. तो समुद्रात तरंगत राहिला होता.

ती लढाई अमेरिकेने जिंकली. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. पण त्या बुडवण्यात ‘हॉर्नेट’च्या विमानांचा हात नव्हता. विमाने चुकीच्या दिशेला का गेली, तो हुकूम नेमका कोणाचा होता, मिचर यांनी पाठवलेल्या अहवालात सगळे खरे आले आहे का, यांवर इतिहासकार आजही वाद घालतात. वाद मिटो वा न मिटो, जहाजाचे कप्तान मिचर होते आणि त्या दिवशी त्यांच्या डेकवरून गेलेली कितीतरी माणसे परत आली नाहीत.

मग काही काळ त्यांच्याकडे किनाऱ्यावरची कामे आली. १९४३ साली सॉलोमन बेटांवरील विमानदलांची जबाबदारी त्यांनी सांभाळली. तेथील दमट हवेत आणि धावपळीत त्यांची तब्येत खालावली. जानेवारी १९४४ मध्ये मात्र त्यांना पुन्हा समुद्रावर बोलावणे आले. अनेक विमानवाहू नौकांच्या एका प्रचंड ताफ्याचे ते प्रमुख झाले.

मिचर दिसायला किरकोळ होते. उन्हावाऱ्याने चेहरा रापलेला आणि सुरकुतलेला. डोक्यावर लांब चोचीची टोपी. आवाज इतका हळू, की जवळ उभे राहिलेल्यालाही कान देऊन ऐकावे लागे. जहाजावर त्यांची एक ठरलेली खुर्ची असे. त्या खुर्चीत ते जहाजाच्या मागच्या बाजूला तोंड करून बसत. त्यामुळे वारा तोंडावर येत नसे आणि उतरणारे प्रत्येक विमान दिसत असे.

त्यांचे प्रमुख मदतनीस होते आर्ली बर्क. बर्क हे विनाशिकांवर लढलेले अधिकारी. वरून हुकूम आला म्हणून ते येथे आले होते. विमानवाल्या मिचर यांना हा विनाशिकेवरचा माणूस नको होता आणि बर्क यांनाही येथे यायचे नव्हते. सुरुवातीला दोघांचे जमले नाही. हळूहळू मात्र एकमेकांचे काम पाहून दोघांत घट्ट विश्वास निर्माण झाला.

ताफा ज्या बेटावर हल्ला करी, त्याच्याजवळ पाणबुड्या ठेवण्याची पद्धत आता पक्की झाली होती. या पाणबुड्यांचे काम बुडवण्याचे नव्हते, वाचवण्याचे होते. पडलेल्या वैमानिकांना त्या पाण्यातून उचलत. एप्रिल १९४४ च्या अखेरीस ट्रुक बेटांवरील हल्ल्याच्या वेळी ‘टँग’ या एकाच पाणबुडीने २२ जणांना वाचवले.

जून १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य सायपान बेटावर उतरले. त्यांना हुसकावण्यासाठी जपानचे आरमार फिलिपाइन्सकडून निघाले. मिचर यांच्याकडे १५ विमानवाहू नौका होत्या. १८ जूनच्या रात्री त्यांनी पश्चिमेकडे पुढे जाण्याची परवानगी मागितली. पण त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल स्प्रूअन्स यांनी ती नाकारली. सायपानच्या सैन्याला उघडे टाकणे त्यांना धोक्याचे वाटले. मिचर यांना हे आवडले नाही, पण त्यांनी हुकूम पाळला. १९ जूनला जपानी विमानांच्या लाटांमागून लाटा आल्या आणि एका दिवसात जपानने तीनशेहून अधिक विमाने गमावली. तरीही जपानी जहाजे कोठे आहेत, ते कळत नव्हते.

ती सापडली दुसऱ्या दिवशी, २० जूनला, दुपारी चारच्या सुमारास. अंतर फार होते. जाऊन यायला इंधन जेमतेम पुरणार होते. परत येईपर्यंत रात्र होणार होती आणि बहुतेक वैमानिकांना रात्री डेकवर उतरण्याचा सराव नव्हता. पण ही संधी गेली, तर आरमार निसटणार होते. मिचर यांनी विमाने सोडण्याचा हुकूम दिला. दोनशेहून अधिक विमाने उडाली. ती उडाल्यावर दुसरा निरोप आला: जपानी जहाजे आधी सांगितले त्याहून सुमारे साठ मैल दूर आहेत!

आता काय करायचे? विमानांना परत बोलावता आले असते. मिचर यांनी नकाशा पुन्हा पाहिला, हिशेब केला आणि त्यांना जाऊ दिले. पाठोपाठ निघणारी दुसरी तुकडी मात्र त्यांनी थांबवली.

विमानांनी सूर्य मावळता मावळता हल्ला केला. एक जपानी विमानवाहू नौका बुडाली. मग परतीचा प्रवास सुरू झाला. अमावास्येची रात्र होती. खाली समुद्र आणि वर आकाश यांतला फरकही कळत नव्हता. इंधनाचे काटे खाली खाली येत होते. एकेक विमान पाण्यात पडू लागले. पावणेनऊच्या सुमारास पहिली विमाने ताफ्यावर आली आणि अंधारात जहाजे शोधत घिरट्या घालू लागली.

युद्धात रात्री जहाजावर एक काडीसुद्धा पेटवायची नाही, असा कडक नियम असतो. दिवा दिसला, की शत्रूच्या पाणबुडीला नेम सापडतो. येथे तर हजारो खलाशी त्या जहाजांवर होते. (‘जहाज’ आणि ‘खलाशी’ हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत, हे एव्हाना लक्षात आले असेलच.) एका पारड्यात ते हजारो खलाशी आणि दुसऱ्या पारड्यात आकाशातली काही शे माणसे. मिचर यांनी दिवे लावण्याचा हुकूम दिला.

डेकचे दिवे लागले. शोधदिव्यांचे झोत सरळ आकाशात उभे राहिले. विनाशिकांनी प्रकाशाचे गोळे सोडले. ज्याला जी नौका दिसेल, तिच्यावर त्याने उतरावे, असेही सांगण्यात आले. तरी गोंधळ झालाच. इतके दिवे पाहून काही वैमानिक भांबावले. काहींनी लहान जहाजांनाच विमानवाहू नौका समजून घिरट्या घातल्या. काही विमाने डेकवर आदळली आणि त्यांत जहाजांवरची माणसेही मेली. सुमारे ऐंशी विमाने इंधन संपून पाण्यात पडली किंवा उतरताना मोडली. ती रात्र आणि पुढचे दिवस विनाशिका पाण्यातली माणसे शोधत फिरल्या. मिचर यांनी सारा ताफाच विमानांच्या परतीच्या वाटेने नेला. पडलेल्या वैमानिकांपैकी आणि त्यांच्या साथीदारांपैकी बहुतेक सापडले. या मोहिमेवर गेलेल्यांपैकी ४९ जण परत आले नाहीत.

या दिव्यांमुळे मिचर यांचे नाव अमर झाले. पण माझ्या मते हे दिवे दुपारच्या हुकुमापासून वेगळे काढून पाहू नयेत. ज्यांना त्यांनी इतक्या दूर पाठवले, त्यांच्यासाठीच ते लागले होते. पाठवणारा आणि परत आणणारा एकच माणूस होता.

पुढे युद्ध अधिक भयंकर झाले. ७ एप्रिल १९४५ रोजी मिचर यांच्या विमानांनी जपानची ‘यामातो’ ही प्रचंड युद्धनौका बुडवली. तिच्याबरोबर तीन हजारांच्या आसपास जपानी माणसे बुडाली. त्यांच्यासाठीही कोठेतरी कोणी वाट पाहत असेलच. ११ मे रोजी ओकिनावाजवळ दोन जपानी वैमानिकांनी आपली विमाने मिचर यांच्या ‘बंकर हिल’ या नौकेवर आदळवली. आग भडकली आणि जवळजवळ चारशे माणसे मेली. मिचर यांचे कितीतरी सहकारी त्यांत गेले. ते दुसऱ्या नौकेवर, म्हणजे ‘एंटरप्राइज’वर गेले, तीन दिवसांनी तिच्यावरही तसाच हल्ला झाला. तेव्हा ते तिसऱ्या नौकेवर गेले.

युद्ध संपले तेव्हा मिचर ५८ वर्षांचे होते, पण दिसत होते त्याहून फार म्हातारे. १९४६ साली ते पूर्ण ॲडमिरल झाले आणि अटलांटिक आरमाराचे प्रमुख म्हणून नेमले गेले. मदतनीस म्हणून त्यांनी पुन्हा बर्क यांनाच घेतले. पण शरीर थकले होते. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी नॉरफोक येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा साठ वर्षे पूर्ण होऊन त्यांना एक आठवडा झाला होता. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथील दफनभूमीत त्यांची कबर आहे.