मढी उठवणारा माणूस : लुचिओ फुल्ची

हॉरर पिक्चर म्हटलं की हॉस्टेलमध्ये सरळ दोन पार्ट्या पडतात. एक भुतांची आणि एक झोम्बींची. भुतांच्या पार्टीला कॉरिडॉरमधली लाइट गेली तरी पुरते. झोम्बीवाल्यांना मात्र रक्त, मांस, अळ्या असा सगळा मेनू लागतो, तोही जेवणाचं ताट समोर असताना! मी दुसऱ्या पार्टीतली. आणि या पार्टीत राहायचं तर एक नाव माहीत असायलाच हवं, ते म्हणजे लुचिओ फुल्ची. जॉर्ज रोमेरो सगळ्यांना माहीत असतो. फुल्चीचं नाव काढलं तर समोरचा विचारतो, हा कुठल्या टीमकडून खेळतो? म्हणून हा लेखप्रपंच. त्याच्या पिक्चर्सची माझी क्रमवारी शेवटी देते. आधी माणूस कोण होता ते सांगते, कारण त्याशिवाय माझा पहिला नंबर कुणाला पटणार नाही.

फुल्चीचा जन्म १७ जून १९२७चा, रोममधला. गडी आधी मेडिकलला होता. ते सोडून तो रोमच्या सरकारी फिल्म स्कूलमध्ये गेला. मेडिकल सोडून सिनेमा! आपल्याकडे घरी काय झालं असतं याची कल्पना वाचकांनीच करावी. शरीर आतून कसं दिसतं हे मात्र तो विसरला नव्हता, असं त्याचे पिक्चर बघताना सारखं वाटतं.

आता गंमत ऐका. या माणसाची सुरुवात झाली ती कॉमेडीने. स्टेनो नावाच्या त्या काळच्या मोठ्या विनोदी दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याने असिस्टंट म्हणून आणि लेखक म्हणून उमेदवारी केली. १९५४चा ‘अॅन अमेरिकन इन रोम’ इटलीत आजही आवडीने बघतात. त्याच्या पटकथाकारांत फुल्ची आहे. स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला पिक्चर १९५९चा, त्यात तोतो हा इटलीचा लाडका विनोदी नट होता. त्याच सुमारास फुल्ची रॉक अँड रोलची गाणीसुद्धा लिहीत होता. आद्रियानो चेलेंतानोचं ‘चोवीस हजार चुंबनं’ हे गाणं १९६१च्या सानरेमो फेस्टिव्हलमध्ये दुसरं आलं, त्याच्या गीतकारांत हाच माणूस! पुढे फ्रँको आणि चिचो या विनोदी जोडीचे पिक्चर त्याने एकामागून एक काढले. १९६६मध्ये वेस्टर्न केला. १९७३मध्ये जॅक लंडनच्या कादंबरीवरून कुत्र्याचा ‘व्हाइट फँग’ केला, तो इतका चालला की पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग निघाला. थोडक्यात काय, जे काम समोर येईल ते वेळेत आणि कमी पैशात करून देणारा हा कारागीर होता. सबमिशनच्या आदल्या रात्री चार जणांची जर्नल्स पूर्ण करून देणारा एखादा असतो ना, अगदी तसा.

पण १९६९मध्ये त्याने ‘बिआत्रिचे चेंची’ केला आणि कारागिराच्या आतला माणूस पहिल्यांदा दिसला. बिआत्रिचे ही रोममधली खरी मुलगी. बापाच्या छळाला कंटाळून घरच्यांनी मिळून त्याचा खून करवला, आणि १५९९मध्ये पोपच्या राज्यात तिचा शिरच्छेद झाला. फुल्चीने ही गोष्ट सांगताना चर्चला अजिबात सोडलं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मेणबत्त्या, घंटा, कन्फेशन हे सगळं माझ्या ओळखीचं. फुल्चीच्या पिक्चरमध्ये हीच ओळखीची माणसं आणि जागा अशा काही येतात की अंगावर काटा येतो. त्याचा राग देवावर कमी आणि देवाच्या नावाने खुर्चीवर बसलेल्यांवर जास्त वाटतो.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास किस्सा. १९७१च्या ‘अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन’मध्ये पोटं फाडलेल्या कुत्र्यांचा एक सीन आहे. तो इतका खरा वाटला की प्रकरण कोर्टात गेलं. फुल्चीने खरी कुत्री कापली असा आरोप! शेवटी ती कुत्री बनवणारा कार्लो रांबाल्दी त्याच्या बनावट बाहुल्या घेऊन पुढे आला आणि सगळा नकली खेळ आहे हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे फुल्ची सुटला. मॉडेलचं प्रात्यक्षिक दाखवून माणसाला तुरुंगातून वाचवणं, याहून मोठा व्हायवा कुठला? पुढे याच रांबाल्दीने ‘एलियन’ आणि ‘ई.टी.’साठी ऑस्कर मिळवलं.

आपल्याशी असलेलं नातं सांगायचं तर १९७७चा ‘सेव्हन नोट्स इन ब्लॅक’ घ्या. एका बाईला खुनाची दृश्यं आधीच दिसतात आणि भिंतीत चिणलेलं प्रेत सापडतं. काही आठवलं? या गोष्टीवरून १९८४मध्ये तमिळमध्ये ‘नूरावदु नाळ’ आला आणि त्यावरून १९९१मध्ये आपला ‘१०० डेज’! माधुरी दीक्षित, जॅकी श्रॉफ आणि आपला लक्ष्मीकांत बेर्डे. म्हणजे लहानपणी टीव्हीवर ‘१०० डेज’ बघून ज्यांची टरकली, ते सगळे नकळत फुल्चीचेच गिऱ्हाईक. त्याच पिक्चरची धून क्वेंटिन टॅरंटिनोने २००३च्या ‘किल बिल’मध्ये वापरली आहे.

आणि मग १९७९ साल आलं. आदल्या वर्षी रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झोम्बी’ नावाने लागून जोरात चालला होता. इटलीच्या निर्मात्यांना एवढं पुरे होतं. गोष्टीचा काडीचा संबंध नसताना फुल्चीच्या पिक्चरला नाव दिलं ‘झोम्बी २’. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. वीस वर्षं दिग्दर्शन केलेल्या माणसाला जगाने ओळखलं ते या पिक्चरमुळे, आणि कपाळावर जो शिक्का बसला तो कायमचा. लेखक दार्दानो साकेत्ती, कॅमेरामन सेर्जिओ साल्वाती, संगीतकार फाबिओ फ्रिझ्झी आणि मेकअपचा जादूगार जान्नेत्तो दे रोस्सी, अशी त्याची टीम जमली. पुढच्या दोनच वर्षांत त्याने ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’, ‘द बियाँड’ आणि ‘द हाउस बाय द सिमेट्री’ काढले. हा त्याचा सुवर्णकाळ. १९८२च्या ‘न्यूयॉर्क रिपर’ला तर ब्रिटनच्या सेन्सॉरने सर्टिफिकेटच नाकारलं. त्यात बायकांवरचे अत्याचार ज्या चवीने दाखवलेत ते मलाही झेपलं नाही, आणि फॅन आहे म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही.

नंतर मात्र उतरण लागली. टीम फुटली, आजारपण मागे लागलं, बजेट आटलं. ‘झोम्बी ३’च्या वेळी फिलिपिन्समध्ये तब्येत बिघडली, तो पिक्चर दुसऱ्यांनीच पुरा केला आणि १९८८मध्ये तो लागला. १९९०च्या ‘अ कॅट इन द ब्रेन’मध्ये त्याने स्वतःचीच भूमिका केली. स्वतःच्या पिक्चरमधली दृश्यं डोक्यातून जात नाहीत म्हणून वेडापिसा झालेला एक म्हातारा दिग्दर्शक. हसावं की रडावं कळत नाही.

आता माझी क्रमवारी, खालून वर.

पाचवा, ‘द हाउस बाय द सिमेट्री’. तळघरात राहणारा डॉ. फ्रॉइडस्टाइन आणि वर राहायला आलेलं कुटुंब. छोट्या बॉबसाठी जीव खालीवर होतो. गोष्टीत भोकं पुष्कळ, पण तळघराचं दार उघडताना मी अजून आवाज म्यूट करते.

चौथा, ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’. एक फादर स्मशानात गळफास घेतो आणि नरकाचं दार उघडतं. यातले झोम्बी चालत येत नाहीत, एकदम समोर उभे राहतात. खिडकीतून अळ्यांचं वादळ येतं त्या सीनमधल्या अळ्या खऱ्या होत्या, पंख्याने नटांच्या अंगावर उडवल्या होत्या. मेसमध्ये बघू नये.

तिसरा, ‘झोम्बी २’. डोळ्यात लाकडाची सळ घुसते तो सीन जगप्रसिद्ध आहे. पण माझा आवडता सीन पाण्याखालचा, झोम्बी विरुद्ध शार्क. शार्क खरा आणि झोम्बी म्हणजे रामोन ब्राव्हो हा मेक्सिकोचा पाणबुड्या. कॉम्प्युटरचं नाव नाही. शेवटी झोम्बी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजवरून चालत येतात आणि खालच्या रस्त्यावर गाड्या आपल्या आरामात चालल्या आहेत. ट्रॅफिक थांबवायला पैसे कुठले! सगळे या सीनला हसतात. हा सीन लक्षात ठेवा.

दुसरा, ‘द बियाँड’. लुइझियानातलं जुनं हॉटेल, खाली नरकाचं दार. यात झोम्बी आले ते जर्मन वितरकांना हवे होते म्हणून, नाहीतर गोष्टीला त्यांची गरजही नव्हती. लॉजिक शोधाल तर डोकं फिरेल. पण शेवटी ती दोघं जिना उतरून ज्या राखाडी, अंत नसलेल्या प्रदेशात पोचतात, तिथे परत जायला वाटच नसते. रक्ताचा थेंब नसलेला हा शेवट त्याच्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त घाबरवतो.

आणि पहिला नंबर, ज्यात एकही झोम्बी नाही. १९७२चा ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’. दक्षिण इटलीतलं एक मागासलेलं गाव, बाजूने गेलेला नवा कोरा हायवे. गावातल्या लहान मुलांचे एकामागून एक खून होतात. गावाचा संशय एका बाईवर जातो, जी जादूटोणा करते असं सगळे मानतात. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. पण गावातले बाप्ये तिला स्मशानात गाठून साखळ्यांनी मारतात, आणि तेवढा वेळ गाडीतल्या रेडिओवर गाणं चालू असतं. ती रक्तबंबाळ अवस्थेत सरपटत हायवेपर्यंत पोचते, हात वर करते. सुट्टीला निघालेली कुटुंबं गाडीतून बघतात आणि पुढे जातात. कोणीही थांबत नाही. खुनी कोण ते सांगत नाही, बघा.

आता तो ब्रुकलिन ब्रिज आठवा. सात वर्षांनी पुन्हा तेच चित्र, माणसं मरतायत आणि गाड्या चालल्याच आहेत. तिथे पैसे नव्हते म्हणून, इथे मात्र त्याने मुद्दाम दाखवलं होतं. मला विचाराल तर फुल्चीला खरी भीती मढ्यांची नव्हती. ती होती जिवंत माणसांच्या गर्दीची, आणि त्याहून जास्त न थांबणाऱ्या गाडीतल्या आपल्यासारख्या सभ्य लोकांची. हे त्याने झोम्बींच्या कितीतरी आधी सांगून टाकलं होतं. पण गल्ला झोम्बींनी भरला, म्हणून जगाने त्याच्याकडून झोम्बीच मागितले.

१९९६च्या जानेवारीत, तब्येत खालावलेली असताना, तो न्यूयॉर्कला हॉरर फॅन्सच्या मेळाव्याला गेला. शहर बर्फाने गाडलं गेलं होतं, तरीही पोरं त्याला भेटायला आली. समुद्रापलीकडे आपल्याला एवढं मानतात हे त्याने तेव्हा डोळ्यांनी बघितलं. दोन महिन्यांनी, १३ मार्चला, तो रोममध्ये गेला. मधुमेहाने शरीर आधीच पोखरलं होतं. त्याने सुरू केलेला ‘वॅक्स मास्क’ सेर्जिओ स्तिवालेत्तीने पुरा केला आणि १९९७मध्ये त्याला अर्पण केला. ‘द बियाँड’ अमेरिकेत न कापता थिएटरला लागला तो १९९८मध्ये.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यावरही शिक्के मारले जातात. मेकॅनिकलवाला, आयटीवाली, केटीवाला. एकदा शिक्का बसला की आतलं कोणी उघडून बघत नाही. फुल्चीने पन्नासहून जास्त पिक्चर काढले. त्यातले चार-पाच झोम्बींचे. बाकीचे कोणीतरी उघडून बघावेत म्हणून एवढं लिहिलं. आज रात्री ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’पासून सुरुवात करा. आणि माझी क्रमवारी पटली नाही तर गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमध्ये भांडायला या, फक्त जेवण झाल्यावर!