सुझन आयझॅक्स

सुझन सदरलँड आयझॅक्स (जन्म : टर्टन, लँकेशायर, २४ मे १८८५, मृत्यू : लंडन, १२ ऑक्टोबर १९४८) या इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व मनोविश्लेषक होत्या. लहान मुलांचा सामाजिक विकास त्यांच्या शाळेतील स्वाभाविक वर्तनाच्या नोंदींवरून कसा पारखावा, याविषयीचे त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते.

पूर्वायुष्य

त्यांचे माहेरचे आडनाव फेअरहर्स्ट. वडील पत्रकार आणि मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार होते. सुझन सहा वर्षांच्या असताना आई वारली. पुढे त्यांनी धर्मश्रद्धा सोडल्यामुळे वडिलांनी पंधराव्या वर्षी त्यांचे शिक्षण थांबवले आणि दोन वर्षे त्यांच्याशी अबोला धरला. १९०७ मध्ये त्या मँचेस्टर विद्यापीठात शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या व १९१२ मध्ये तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. नंतर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांनी नेथन आयझॅक्स यांच्याशी विवाह केला. हा त्यांचा दुसरा विवाह होता.

मॉल्टिंग हाऊस शाळा

जेफ्री पाइक यांनी १९२४ मध्ये केंब्रिज येथे ही प्रायोगिक शाळा काढली आणि तिची सूत्रे आयझॅक्स यांच्याकडे सोपवली. ठरावीक पाठ नव्हते. बाग, वाळू, पाणी, हत्यारे, पाळीव प्राणी यांत मुले मोकळेपणी वावरत आणि त्यांचे बोलणे-वागणे शक्य तितके जसेच्या तसे टिपले जाई. मतभेदांमुळे १९२७ अखेर आयझॅक्स बाहेर पडल्या. शाळा १९२९ मध्ये बंद झाली. नोंदी मात्र टिकल्या.

सामाजिक विकासाच्या नोंदी

या नोंदींवरून त्यांनी 'इंटलेक्च्युअल ग्रोथ इन यंग चिल्ड्रन' (१९३०) आणि 'सोशल डेव्हलपमेंट इन यंग चिल्ड्रन' (१९३३) हे ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथात मैत्री व सहकार्याबरोबर भांडण, मत्सर, मालकीहक्क, नवख्या मुलाला वगळणे अशा प्रसंगांनाही मोठी जागा मिळाली. तिसऱ्याविरुद्ध एकत्र येणे हाही मुलांच्या आपसातील एकीचा एक आरंभ असतो, असे त्यांनी दाखवले. याच सुमारास, १९३२ मध्ये, अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनिटामिनिटाची निरीक्षणे घेऊन मुलांच्या खेळातील सहभागाचे सहा प्रकार मांडले. त्या पद्धतीत मोजणी सोपी होती. एखादे मूल एकटे का बसले आहे, याचा उलगडा मात्र आयझॅक्स यांच्या सलग प्रसंगनोंदींतूनच अधिक होतो.

त्यांनी आधी प्रसंग आणि मग सिद्धान्त अशी विभागणी केली. त्यांच्या विवेचनावर मेलनी क्लाइन यांच्या मनोविश्लेषणाची दाट छाया आहे. ते अमान्य असणाऱ्यालाही नोंदी वापरता येतात, हा या विभागणीचा मोठा लाभ. मर्यादाही उघड आहे : शाळेतली मुले थोडी होती आणि बहुतेक सुशिक्षित केंब्रिजकर घरांतली होती. त्यामुळे त्यांच्यावरून सर्वसाधारण वयोमान ठरवता येत नाही. विकासाच्या टप्प्यांच्या काटेकोर चौकटीविषयी खुद्द आयझॅक्सही साशंक होत्या आणि ज्याँ पियाजे यांच्या मांडणीवर त्यांनी टीका केली होती.

उत्तरायुष्य

१९२९ ते १९३६ या काळात 'अर्सुला वाइज' या टोपणनावाने त्यांनी 'द नर्सरी वर्ल्ड' या नियतकालिकात पालकांच्या शंकांना उत्तरे दिली. १९३३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील बालविकास विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९३५ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे आढळले, तरी त्यांचे काम चालू राहिले. युद्धकाळात लंडनहून केंब्रिजला हलवलेल्या मुलांची पाहणी त्यांच्या संपादनाखाली १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या घरी रुळण्यात कौटुंबिक नात्यांना, विशेषतः भावंडांना एकत्र ठेवण्याला, किती महत्त्व आहे हे त्या पाहणीतून पुढे आले.