गुलाम म्हणून जन्मला, अमेरिकन लष्करात अधिकारी झाला. अफरातफर सिद्ध झाली नाही तरी बडतर्फ झाला

अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिम भागात फोर्ट डेव्हिस नावाचं ठिकाण आहे. फोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तटबंदी आणि बुरूज येतात. इथं तसलं काहीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी ओळीनं अधिकाऱ्यांची घरं, समोर परेडचं मैदान आणि पलीकडं सैनिकांच्या बराकी.

१८५४ साली उभा राहिलेला हा लष्करी तळ १८९१ साली बंद झाला. सॅन अँटोनियो ते एल पासो या रस्त्यावरची टपालगाडी आणि प्रवासी सांभाळणं हे इथल्या सैनिकांचं काम. ज्यांच्यापासून सांभाळायचं ते अपाची आणि कोमांची लोक मात्र स्वतःच्याच मुलखासाठी लढत होते, हेही लक्षात ठेवायला पाहिजे.

आज इथल्या बराकीत त्या सैनिकांच्या आयुष्याचं संग्रहालय आहे. पण या तळाचं नाव निघालं की हेन्री फ्लिपरचं नाव निघतंच.

फ्लिपरचा जन्म १८५६ चा, जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिलचा. आईवडील गुलाम, त्यामुळं जन्मतःच हा पण गुलाम. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि पोरगं शिकायला लागलं. १८७३ साली त्याला थेट वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला.

त्याच्याआधीही काही कृष्णवर्णीय मुलं तिथं गेली होती, पण एकही पदवीपर्यंत टिकला नव्हता. गोऱ्या कॅडेट्सनी फ्लिपरलाही चार वर्षं जवळजवळ वाळीतच टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडं वेगळं सांगायची गरज नाही. १८७७ साली ७६ जणांच्या तुकडीत ५० वा येऊन तो पास झाला. वेस्ट पॉइंटचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर.

त्याची नेमणूक झाली दहाव्या घोडदळात. १८६६ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमध्ये सैनिक सगळे कृष्णवर्णीय आणि अधिकारी सगळे गोरे. हेच ते प्रसिद्ध बफेलो सोल्जर्स. फ्लिपर आला आणि ही प्रथा मोडली.

फोर्ट सिलला असताना त्याच्यातला इंजिनिअर दिसला. तिथं साचलेल्या पाण्यामुळं मलेरिया पसरायचा. फ्लिपरनं चर खणून ते पाणी काढून दिलं. तो चर फ्लिपर्स डिच म्हणून आजही ओळखला जातो आणि १९७७ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

१८८० साली तो फोर्ट डेव्हिसला आला. ज्या जेफरसन डेव्हिसचं नाव या तळाला होतं, तो गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा राष्ट्राध्यक्ष. त्याच्या नावाच्या तळावर गुलामाचा पोरगा अधिकारी म्हणून हुकूम देत होता.

फ्लिपरकडं तळाचा शिधा आणि त्याचा हिशेब होता. १८८१ साली कर्नल विल्यम शाफ्टर तळाचा प्रमुख झाला आणि काही महिन्यांत फ्लिपरच्या ताब्यातले पैसे कमी भरले. पैसे असायचे त्याच्या राहत्या खोलीतल्या ट्रंकेत. घोळ लक्षात आल्यावर वरिष्ठांना सांगायचं सोडून त्यानं तो लपवला. वर १,४४० डॉलरचा एक चेक लिहून दाखवला, आणि त्या बँकेत त्याचं खातंच नव्हतं. पुस्तकाचे पैसे येतील आणि तूट भरून काढू, असा त्याचा हिशेब होता.

इथं फ्लिपर चुकला, त्यात दुमत नाही.

पण पुढं जे झालं ते बघा. त्याला अटक करून कोठडीत टाकलं. गावातले लोक आणि मित्रांनी वर्गणी काढून काही दिवसांत तूट भरून दिली. तरीही ३,७९१ डॉलर ७७ सेंटच्या अफरातफरीचा आरोप ठेवून तळावरच्या चॅपलमध्ये कोर्ट मार्शल चाललं. न्याय करायला बसलेले सगळे अधिकारी गोरे.

डिसेंबर १८८१ मध्ये निकाल लागला. अफरातफरीच्या आरोपातून सुटका, पण खोटं बोलणं हे अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन, म्हणून दोषी. त्याची शिक्षा बडतर्फी. लष्कराच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानं सौम्य शिक्षेची शिफारस केली होती, पण राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी बडतर्फी कायम केली. ३० जून १८८२ ला, वयाच्या २६ व्या वर्षी त्याची नोकरी गेली.

गडी खचला नाही. सर्व्हेअर झाला, खाणींवर काम केलं, स्पॅनिश येत असल्यामुळं जमिनींच्या दाव्यांत अमेरिकेच्या न्याय खात्यासाठी जुनी कागदपत्रं तपासली. पुढं व्हेनेझुएलातल्या तेल कंपनीतही नोकरी केली.

पण तो डाग त्याच्या डोक्यातून गेला नाही. १८९८ साली स्पेनशी युद्ध पेटलं तेव्हा त्यानं परत सेवेत घ्या म्हणून विनंती केली, आपली रँक परत मिळावी म्हणून संसदेत विधेयकही आणवलं. दोन्हीकडं नकार. त्याच युद्धात क्युबाला गेलेल्या फौजेचा सेनापती कोण होता? शाफ्टर. आणि त्याच्या हाताखाली दहावं घोडदळही लढलं. नंतरही विधेयकं येत राहिली, पडत राहिली. १९४० साली अटलांटात फ्लिपर वारला.

१९७६ मध्ये लष्करानं मान्य केलं की शिक्षा गरजेपेक्षा जास्त कडक होती, आणि बडतर्फी बदलून त्याला सन्मानानं सेवामुक्त केल्याची नोंद केली. निकाल रद्द करायचा अधिकार त्या मंडळाला नव्हता. १९ फेब्रुवारी १९९९ ला बिल क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. मृत्यूनंतर मिळालेली ही अमेरिकेतली पहिली राष्ट्राध्यक्षीय माफी.

फ्लिपरनं मात्र जिवंतपणी माफीसाठी नाही, रँकसाठी अर्ज केले होते.