डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कॉलेजची लायब्ररी

मुलांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, हेही तुम्हाला ठाऊक असेल. या अंकात आम्ही त्यांच्या आयुष्याकडे एकाच बाजूने पाहणार आहोत. ते विद्यार्थी असताना लायब्ररीने त्यांना काय दिले आणि पुढे त्यांनी ते इतरांना कसे दिले, ती ही हकीकत. आपल्या वर्गातील मोठी मुले थोड्याच वर्षांत कॉलेजला जातील. त्यांनी ती जरा जास्त लक्ष देऊन वाचावी.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. घराणे कोकणातले, महार जातीचे. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानत. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते, तेही शिकू दिले नाही. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. खोली एक आणि माणसे पुष्कळ, तिथे अभ्यास कसा होणार? वडिलांनी मुलाची वाचनाची हौस मात्र कधी मोडली नाही. पुस्तकासाठी पैसे नसले, तर ते आपल्या विवाहित मुलींकडून उसने आणत. शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता.

सयाजीरावांना ग्रंथालयांचे महत्त्व चांगलेच माहीत होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावले आणि संस्थानात गावोगाव वाचनालये काढण्याच्या कामाला लावले. याच महाराजांनी १९१३ साली भीमरावांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे.

जुलै १९१३ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा विद्यापीठाचे ग्रंथालय लो मेमोरियल या इमारतीत होते. समोर रुंद पायऱ्या, मध्ये मोठा घुमट आणि घुमटाखाली गोलाकार वाचनगृह. ही इमारत आजही उभी आहे, पण १९३४ साली मुख्य ग्रंथालय तिथून समोरच्या बटलर लायब्ररीत गेले.

हे ग्रंथालय पहिल्यापासून वाचकांच्या सोयीचे नव्हते. आधी ते दिवसातून थोडेच तास उघडे असे. १८८३ साली मेल्विल ड्यूई तिथे मुख्य ग्रंथपाल झाले. (पुस्तकांना आकडे देण्याची दशांश पद्धत त्यांचीच. भीमरावांना शिकवणारे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई वेगळे, दोघांत गल्लत करू नका!) मेल्विल ड्यूईंनी ग्रंथालयाची वेळ वाढवली आणि वाचकांना माहिती शोधायला मदत करण्यासाठी खास माणसे नेमली. १८८७ साली त्यांनी तिथेच ग्रंथपालांचे शिक्षण देणारी शाळाही काढली. पुस्तके नीट ठेवली म्हणजे ग्रंथपालाचे काम संपले नाही, ज्याला जे हवे ते त्याच्या हाती पोचले पाहिजे, हा विचार कोलंबियात रुजला होता. भीमराव आले त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, म्हणून आम्हाला यातली व्यवस्था विशेष भावते. लाखो पुस्तकांतून एक पुस्तक काढायचे, तर प्रत्येकाचा पत्ता हवा. तो पत्ता लेखकाच्या नावाने, पुस्तकाच्या नावाने आणि विषयाने अशा तिन्ही वाटांनी सापडायला हवा. त्या काळी हे सगळे लाकडी खणांतल्या कार्डांवर चाले. आम्ही आज डेटाबेसचा इंडेक्स म्हणतो, तो या कार्डांचाच नातू!

आता विचार करा. परळच्या एका खोलीत वाढलेल्या मुलाला इथे काय मिळाले? बसायला शांत जागा आणि चांगला उजेड. एकट्या विद्यार्थ्याला कधीच विकत घेता येणार नाहीत इतके ग्रंथ. अडले तर विचारायला माणूस. आणि मुख्य म्हणजे, कोणत्या टेबलाशी बसायचे हे इथे जात ठरवत नव्हती. समानतेची वागणूक आपल्याला पहिल्यांदा कोलंबियात मिळाली, असे बाबासाहेबांनी पुढे सांगितले आहे. मात्र त्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत काळ्या लोकांना प्रवेश नव्हता, हेही आपण विसरू नये. दार आपोआप उघडे राहत नाही. कोणीतरी ते उघडे ठेवायचे ठरवावे लागते.

भीमरावांनी मिळालेल्या संधीचे सोने केले. त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. त्याशिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र होतेच. १९१५ साली ते एम. ए. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था. अशा विषयाला जुने सरकारी अहवाल लागतात. ते दुकानात मिळत नाहीत, कोणीतरी वर्षानुवर्षे जमवून ठेवावे लागतात. एखाद्या विद्यार्थ्याला पन्नास वर्षांनी काय लागेल, याचा विचार विद्यापीठाचे ग्रंथालय आज करत असते.

उरलेल्या पैशांतून भीमराव न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात पुस्तके घेत. असा सुमारे दोन हजार पुस्तकांचा संग्रह झाला. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ज्या जहाजातून त्यांचे सामान येत होते ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि त्यातली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

पुढचा अनुभव त्याहून कडू होता. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. शहरात कोणी जागा देईना. पारशी खानावळीत त्यांनी आसरा घेतला, तर तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हाकलले. गावोगाव वाचनालये काढणाऱ्या संस्थानात कोलंबियाच्या एम. ए.ला राहायला खोली मिळाली नाही. पुस्तके वाटणे सोपे असते, मन मोठे करणे अवघड असते.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी उघडण्याच्या वेळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात जायचे आणि बंद होईपर्यंत टिपणे काढायची, असा त्यांचा दिनक्रम होता. खाण्यासाठी पैसे जेमतेमच असत. १९२३ साली त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाने डी. एस्सी. ही पदवी दिली.

पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह नावाचे घर बांधले, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. हजारो ग्रंथ तिथे जमले. पण स्वतःच्या कपाटात पुस्तके असून भागत नाही. चाळीत राहणाऱ्या, दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाचे काय? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरदार मुलांसाठी तिथे सकाळी वर्ग भरत. त्यांच्या संग्रहातील अनेक पुस्तके या कॉलेजच्या ग्रंथालयाला मिळाली. तिथले ग्रंथपाल रेगे त्यांच्या निकटच्या माणसांपैकी होते. १९५० साली औरंगाबादला दुसरे कॉलेज निघाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. कोलंबियाने १९५२ सालीच त्यांना सन्माननीय पदवी दिली होती. आज तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. विद्यार्थ्याचा पुतळा ग्रंथालयात असावा, हे आम्हाला फार योग्य वाटते.

आता थोडे आपल्या शिकागोबद्दल. आपला डेव्हन ॲव्हेन्यू पूर्वेकडे जिथे संपतो, तिथे लोयोला विद्यापीठ आहे आणि त्याचे ग्रंथालय सरोवराच्या काठी आहे. शहराच्या दक्षिण भागात शिकागो विद्यापीठाची रेगेन्स्टाइन लायब्ररी आहे, तिथे मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. तो आला कसा? पन्नास-साठच्या दशकांत भारताने अमेरिकेकडून गहू घेतला आणि त्याची किंमत रुपयांत दिली. त्या रुपयांच्या एका भागातून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवण्यात आली. म्हणजे गव्हाच्या बदल्यात ग्रंथ! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही याच विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी फुकट खुला केला आहे. मराठी शब्द अडला तर त्यात पाहण्याची सवय लावून घ्या.

पालकमंडळींनाही एक विनंती. आपल्यापैकी अनेकांनी खिडकीत चिठ्ठी सरकवून आणि पुस्तक येईपर्यंत ताटकळत उभे राहून शिक्षण केले. काहींची इंजिनिअरिंगची वर्षे कॉलेजच्या बुक बँकेमुळेच निभावली. त्यामुळे ग्रंथपालाला काही विचारायचे म्हणजे आपल्याला अजून संकोच वाटतो आणि तो नकळत मुलांकडे जातो. मुले कॉलेजला निघाली की आपण त्यांना डबे, पांघरुणे, लॅपटॉप सगळे देतो. त्याबरोबर एवढेही सांगावे, की पहिल्या आठवड्यात लायब्ररीत जा, संदर्भ विभागात कोण बसते ते पाहा आणि तुझा विषय त्यांना सांग. मदत करणे हेच त्यांचे काम आहे, त्यात भीड कसली?

मुलांनो, या वेळचा गृहपाठ असा. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरच्या नॉर्थटाउन शाखेत किंवा तुमच्या गावच्या लायब्ररीत जा. कार्ड नसेल तर काढा. बाबासाहेबांवरचे एखादे पुस्तक ग्रंथपालांना विचारून शोधा. तिथे नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येईल का तेही विचारा. पुस्तक कसे मिळाले ते मराठीत दहा ओळींत लिहून आणा. चांगले निबंध पुढच्या अंकात छापू.